दिवस मावळायच्या आतला घास

अण्णा आजारी होते तेव्हा मी औंधच्या यमाईला नवस बोलले होते, आणि तो तिनं ऐकला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. असे अनुभव लिहिणारी माणसं श्रद्धेची पक्की असतात, असं मी वाचत आले आहे. माझी श्रद्धा गॅसच्या सिलिंडरसारखी. चार पाहुणे घरात असताना नेमकी संपते. पन्नाशी ओलांडली, सांगलीत संसार झाला, शेजारपाजारची मुलं शिकवणीला येतात. त्यांना मी श्रद्धा आणि सबुरीवर रोज चार शब्द सांगते आणि स्वतः मात्र मंगळवारचा उपास साबुदाणा वड्यांवर वसूल करते. तेव्हा पुढं जे सांगणार आहे त्यात देवाचा हात किती आणि योगायोग किती, हे ठरवायचा अधिकार माझ्याकडे नाही. झालं ते सांगते. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम तसंही माझ्याकडेच आहे, कारण बाकीच्यांना कामं असतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. वडूज आणि औंधच्या मध्ये आमचं गाव. त्या भागातल्या शाळांत शिकवण्यात त्यांची बहुतेक हयात गेली. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. घरात, शेतात, लग्नाच्या पंगतीत ते मास्तरच राहिले आणि दिसेल त्याला गुण देत राहिले. आईनं केलेली वांग्याची भाजी तोंडात घालून डोळे मिटायचे आणि निकाल जाहीर करायचे, "काठावर पास." आई ताटात आणखी एक पळी वाढून म्हणायची, "मग रात्री फेरपरीक्षा. तीच आहे." माझ्यासाठी स्थळ बघून आले तेव्हा आईनं विचारलं, मुलगा कसा आहे, तर म्हणाले, "फार हुशार नाही, पण वर्गात चढवायला हरकत नाही." तो चढवलेला विद्यार्थी अजून माझ्याच वर्गात आहे. थोरला भाऊ, आमचा दादा, सैन्यातून सुभेदार होऊन परतला तेव्हा गावानं ढोल-ताशे लावले होते. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हजेरी चांगली. अक्षर अजून तसंच आहे." एवढा मोठा सुभेदार, पण कान लाल झाले त्याचे.

मग एका सकाळी अंघोळीला उठताना ते मोरीच्या उंबऱ्यावर कोसळले. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जो माणूस आयुष्यभर बोलण्यावर जगला, त्याच्या तोंडून नुसता घरघर आवाज यायचा आणि आम्ही त्याचा अर्थ लावत बसायचो. गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. त्या नळीतून पातळ पेज जायची, डाळीचं पाणी जायचं. अण्णा डाव्या हातानं ती नळी उपसायला बघायचे, म्हणून तो हात आम्ही खाटेला आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधून ठेवायचो. हे लिहिताना आताही बोटं जड होतात. घरात कुणी जेवायला बसलं की ते मान वळवून आमच्या ताटाकडं बघायचे. मागायचे नाहीत. नुसतं बघायचे.

आईला ते सोसेना. ती डॉक्टरांच्या मागं लागली की नळी काढा, मी भरवीन. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं गिळायला लागलेत, काढू; पण जपून, घास चुकीच्या वाटेनं गेला तर निभावणार नाही. दादाचा विरोध होता. त्याचं सगळं फौजेतलं. "आई, रिस्क कशाला? नळीनं काम चाललंय ना?" आई म्हणाली, "तुला भरवून एवढा केला तेव्हा कुणाला विचारलं होतं मी?" नळी निघाली. आई मऊ भात वरणात कालवून, बोटांनी शीतन्‌शीत मोडून, सुपारीएवढा घास अण्णांच्या जिभेवर ठेवायची आणि त्यांच्या गळ्याकडं बघत बसायची. गळ्याची घाटी वरखाली झाली की मग दुसरा. एका जेवणाला दुपार सरायची. आणि अण्णा, वाचा गेलेले अण्णा, डाव्या हाताची बोटं वर करून गुण द्यायला लागले. पाचपैकी. भाताला तीन, लापशीला चार. त्या दिवसांत आमचं घर इतकं सुखात होतं की मी औंधला गेले, पायऱ्या चढून यमाईसमोर उभी राहिले आणि म्हणाले, यांना एकदा बोलू दे, मी सांगलीहून चालत येईन. गुडघे दुखतात माझे, पण नवस बोलताना गुडघे आठवत नाहीत.

त्या दुपारी आईनं गव्हाची खीर केली होती. अण्णांनी चार बोटं वर केली. आई हसून म्हणाली, "पाचवं कुठं ठेवलंय?" आणि आणखी एक घास दिला. त्यांना ठसका लागला. ठसका थांबेना. चेहरा काळानिळा झाला. दादानं उचलून बसवलं, पाठीवर थापट्या मारल्या, गाडी काढली. वडूजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका असणार, घासाचं निमित्त धरू नका. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पण दवाखान्याच्या बाहेर दादाच्या तोंडून निघून गेलं, "नळी असती तर…" पुढचं त्यानं गिळलं. आई त्याच्या मागंच उभी होती. तिनं ऐकलं.

अण्णांना न्यायला सगळा पट्टा लोटला होता. पिकल्या केसांची, पोटं सुटलेली, फौजेतली, कारखान्यातली माणसं, सगळी त्यांची मुलं. स्मशानात कुणी न सांगता ती उंचीप्रमाणं ओळीत उभी राहिली, प्रार्थनेला उभी राहायची तशी. बुटकी पुढं, उंच मागं. मला हसू आलं आणि त्या हसण्याचंच रडू झालं.

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतून, शेजारून पिठलं-भाकरी येते आणि आणणारी माणसं दुखवट्यातल्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. नाव कडू असलं तरी तो घास फार शहाणा आहे. रडणाऱ्याला तो सांगतो की बाबा, तू अजून आहेस. आम्ही सगळ्यांनी तो घेतला. आईनं घेतला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, रक्षा सावडली त्या दिवशीही नाही. पाणी आणि कोऱ्या चहाचे घोट, एवढंच. तेही हात न लावता. कुणीतरी कप ओठाला लावायचा. उजवा हात तिनं पदरात गुंडाळून घेतला होता. ताट समोर ठेवलं की तो हात आणखी आत जायचा. एकदा भेटायला आलेल्या कुणीतरी पाणी मागितलं. तांब्या आईच्या शेजारीच होता, पण ती मला म्हणाली, "तू दे. माझ्या हातानं नको." तेव्हा मला कळलं की तिचं नेमकं काय झालंय, आणि ते मला न कळतं तर बरं झालं असतं.

आईला साखरेचा आजार. बिनजेवण गोळ्या देता येईनात. डोळे खोल गेले, जीभ जड झाली. मी शिकवणीतल्या मुलांवर चालणाऱ्या सगळ्या युक्त्या करून बघितल्या. लाडीगोडी, दटावणी, "मी पण जेवणार नाही" असा संपसुद्धा केला. तो दुपारी मीच मोडला, कारण मला चक्कर आली. दादा तिच्यासमोर गुडघ्यावर बसायचा आणि नुसता बसायचा. दवाखान्याबाहेरच्या त्या अर्ध्या वाक्यामुळं त्याला तिच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं. आत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, तोंडानं तिखट. तीसुद्धा विनवून थकली. "इंदू वैनी, आगं जिवाशी असं वैर करू न्हाई माणसानं," म्हणायची आणि मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यापाशी डोळे पुसायची. "माह्यारचं एक माणूस असतं तर त्यानं तोंडात घास घातला असता. बाईमाणूस माह्यारच्या हाताला न्हाई म्हनत न्हाई. पर तिकडं आता हाय कोन?" खरंच कुणी नव्हतं. आईचं माहेर सांगलीजवळ, कृष्णाकाठी. मामा वारले, त्यांच्या मुलांनी घर विकलं आणि पुण्याला गेली. अण्णा गेल्याचं कळवायलाही त्या गावात आमचं नात्यातलं कुणी उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टर घरी आले, सलाईन लावलं आणि दादाला बाहेर बोलावून म्हणाले, उद्या सकाळी साताऱ्याला ॲडमिट करा. खाणार नसतील तर नळी घालावी लागेल. ते हळूच बोलले, पण आमचं घर लहान आहे. आत आईनं डोळे मिटून घेतले.

मी परसात गेले. आमच्या परसातून पश्चिमेला औंधचा डोंगर दिसतो. सुतकात देवाचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेतलं, पण भांडायला घेतलं. हात जोडले नाहीत. कंबरेवर ठेवले. म्हणाले, एक मागितलं ते दिलं नाहीस. ठीक आहे. आता आईच्या नाकात नळी घालायची, आणि तिचे हात मी बांधायचे, असं आहे का तुझ्या मनात? तसं असेल तर सांग, मी पुन्हा तुझी पायरी चढणार नाही. धमकी म्हणून ही अगदीच फुसकी होती. माझ्या न चढण्यानं देवीचं काय अडणार होतं? मग शब्द संपले. मी गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीच्या काठावर बसले आणि एवढंच म्हणाले, "मला काही सुचत नाही. तूच बघ."

पुढं काय झालं ते जसंच्या तसं सांगते. डोणीवरून उठून मी आत येत होते तेवढ्यात दारात एक गाडी थांबली. अंगणात सतरंजीवर भावकीतली चार माणसं खाली मान घालून बसली होती. गाडीतून एक म्हातारी उतरली; हिरवी काठापदराची साडी, केसांत अबोलीचा गजरा, एका हातात पेढ्यांचा बॉक्स, काखेत पिशवी. आणि उंबऱ्याच्याही अलीकडून मोठ्यानं ओरडली, "गुरुजी! शाळा सुटली का न्हाई अजून? पावणं आल्यात!"

दादा उठून पुढं गेला. "मावशी, अण्णा गेले."

म्हातारी एक पाय आत, एक बाहेर अशी उभी राहिली. मागं न बघता तिनं पेढ्यांचा बॉक्स मागच्या माणसाच्या हातात दिला. मग गजरा काढला आणि मुठीत मिटला. तो मागचा माणूस तिचा मुलगा होता, पन्नाशीचा, सुकुमार नावाचा. तोच घाबरून हात जोडत सांगायला लागला, "आवं दादा, आमाला ठावं न्हवतं. चार दिस गुरुजींचा फोन लावतोय, बंद लागतोय. म्हटलं चार्जिंग इसरलं असत्याल. पुढच्या आठवड्यात आमच्या उसाला तोड हाय, मग घराबाहेर पडाय मिळत न्हाई. इट्याची आमंत्रणं उरकली, म्हटलं हिकडचं बी आजच उरकू." मग आपल्या आईकडं वळून हळूच म्हणाला, "आई, आपल्या घरात लगीन हाय. हितनंच नमस्कार करूया नि निघूया."

"लगीन म्हैन्यावर हाय, सुकुमार," म्हातारी म्हणाली. "इंदी आत हाय."

ही रत्नाक्का. आईच्या माहेरी समोरच्या घरात राहणारी, तिच्याच वयाची, जैन घराण्यातली लेक. लग्नानंतरही त्याच गावात राहिलेली. मी लहानपणी कधीतरी बघितलेली. आईला लग्नकार्याचं आमंत्रण द्यायला तिनं कधी माणूस पाठवला नाही, स्वतः येत गेली, असं नंतर कळलं. ती आत गेली, आईच्या खाटेशी उभी राहिली आणि म्हणाली, "इंदे." आईनं डोळे उघडले. कितीतरी वेळ बघत राहिली. मग त्या जड जिभेनं म्हणाली, "रत्ने? तू कशी आलीस गं?"

"आले बघ," एवढंच म्हणून ती तिच्याजवळ टेकली.

मी तिला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. नळीचं, घासाचं, पदरात गुंडाळलेल्या हाताचं, उद्याच्या साताऱ्याचं. तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं दिवस कवा मावळतो गं?" मला वाटलं, धक्क्यानं म्हातारीचं डोकं फिरलं. मी म्हटलं, थंडीचे दिवस, आता टेकेलच. "बरं," म्हणाली आणि काखेतली पिशवी घेऊन पुन्हा आईजवळ गेली. पिशवीतून स्टीलचा डबा काढून खाटेवर दोघींच्या मध्ये ठेवला. ती बाहेरचं काही खात नाही, म्हणून जाईल तिथं स्वतःचा डबा आणि पाणी घेऊन जाते. आणि दिवस मावळल्यावर अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही. हे आईला पाठ होतं.

"भूक लागल्या गं मला," रत्नाक्का म्हणाली. "सकाळपासनं हिंडतोय."

"मग जेव की," आई पुटपुटली. पाहुण्याला जेव म्हणणं हे तिच्या श्वासातच होतं. "दिवस जाईल."

"जेवते. पर पयला घास तू भरव."

आईचा हात पदरात गेला. "नको, रत्ने. ह्या हातानं नको." आणि जे तिनं आमच्यापैकी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं, "ह्याच हातानं दिला मी त्यांना. अडकला."

मला वाटलं, रत्नाक्का आता समजूत घालील. तुझा काय दोष, देवाची इच्छा, असं आम्ही सगळेच पाच दिवस म्हणत होतो. ती तसलं काही बोलली नाही. "ऐकलं मी," म्हणाली. मग आम्हा सगळ्यांकडं वळून, सहज गप्पा माराव्यात तशी सांगायला लागली, "तुमच्या बापाची पयली नोकरी आमच्या गावात. ऱ्हायला आमच्या माडीवर. आमच्यात दिवस मावळला की ताट मांडत न्हाईत. आन ह्यो मास्तर पोरांना घिऊन शाळेतच बसायचा, ईस्तवर अंधार. गडी तरणाताठा, पानी पिऊन झोपायचा बिचारा. समोरच्या खिडकीत ही हुबी. हिला दया आली. बोळ एवढासा, हात लांब केला की पोचायचा. रोज भाकरीत गूळ घालून द्यायची, चोरून. आमाला काय पत्त्याच न्हाई! एक दिस मास्तरनं घाईत घास घेतला आन असा ठसका लागला, असा ठसका लागला, की सगळी गल्ली कंदील घिऊन भायेर. बघत्यात तर हिचा हात अजून खिडकीतनं भायेर, हातात भाकरी." ती थांबली. "म्हणून तर लगीन लावून दिलं ह्यांचं. न्हाईतर मास्तरला कोन द्यायचं पोरगी?"

अण्णांनी आम्हाला अर्धं आयुष्य गोष्टी सांगितल्या, पण ही कधी सांगितली नव्हती. दारात उभा असलेला दादा भिंतीला टेकला. आत्यानं पदर तोंडाशी धरला.

रत्नाक्कानं आईचा गुडघा हातानं दाबला. "इंदे, त्याचा पयला घास बी तुझ्या हातचा आन शेवटचा बी. त्या बी घासाला ठसका, ह्या बी घासाला ठसका. मधी किती भरवलंस ते कुनी मोजायचं? आन तू त्यातला एकच मुठीत धरून बसलीस व्हय?"

आई रडली नाही. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची पट्टी भिंतीवर आली होती, ती वर सरकत होती आणि तांबडी होत होती. बाहेरून सुकुमारचा आवाज आला, "आई, दिवस टेकला गं. तुझी बीपीची गोळी ऱ्हायल्या, बिनजेवणाची घ्यायची न्हाई. चक्कर ईल."

"गप रं," रत्नाक्का म्हणाली. डबा तसाच बंद. हात मांडीवर. मग आईला म्हणाली, "उपास मला नको सांगू. माझ्या सासूनं शेवटाला अन्न सोडलं. मुनीम्हाराजांना इचारून, आमची समद्यांची माफी मागून, हसत. त्यो उपास. ह्यो तुझा रुसवा हाय. आन उपास जरी म्हटला, तरी त्याला पारणं असतं. ते दुसऱ्याच्या हातनं करायचं असतं. तुझं मी करते, माझं तू कर. न्हाईतर दिवस जाईल, मी सकाळपतोर अशीच बसते. मला काय घाई न्हाई."

मी खिडकीतून बघत होते. सूर्य औंधच्या डोंगराला लागला होता. आई आधी त्या भिंतीवरच्या उजेडाकडं बघत होती, मग डब्याकडं, मग रत्नाक्काच्या सुकलेल्या ओठांकडं. माझ्या आईच्या दारातून उभ्या जन्मात कुणी उपाशी गेलं नाही. जैन पाहुणे आले की ती दुपार कलतानाच चूल पेटवायची, की बिचाऱ्यांचा दिवस जाऊ नये. आता तिच्या खाटेवर तिच्या माहेरचं माणूस उपाशी बसलं होतं आणि दिवस चालला होता. तिच्या दुःखाशी तिची सवय भांडत होती. मला ते तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

पदर हलला. तो हात बाहेर आला. दुसऱ्या हाताला सलाईनची पट्टी चिकटवलेली. तिला डबा उघडेना, तेव्हा दादानं पुढं होऊन उघडला. आईनं भाकरीचा तुकडा मुगाच्या वरणात बुडवला, चिमणीला घालावा एवढा घास केला आणि रत्नाक्काच्या तोंडाशी नेऊन थांबली. रत्नाक्कानं मान पुढं करून तो घेतला. आई तिच्या गळ्याकडं बघत होती. आम्हीही. घरातल्या सगळ्यांनी एका म्हातारीच्या गळ्याकडं असं बघितलेलं मी पुन्हा कधी बघणार नाही. तिनं सावकाश चावला, गिळला, आणि मग लहान पोरानं गोळी गिळल्याचं दाखवावं तसं तोंड आ करून दाखवलं, जेमतेम चार दात असलेलं. "बघ. ग्येला."

आत्याला हसू फुटलं. दुखवट्याच्या घरात, पाचव्या दिवशी, ती पदरात तोंड खुपसून हसली. मग रत्नाक्कानं घास केला आणि आईच्या ओठाला लावला. आईनं तोंड उघडलं. तो घास तिनं इतका वेळ तोंडात ठेवला की मला वाटलं, थुंकणार. मग गळा हलला. आणि पाच दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं, आवाज काढून, बाळासारखी रडली. रत्नाक्का तिला रडू देत होती आणि मधेमधे भरवत होती, आणि स्वतःही तिच्या हातून खात होती, घाईघाईनं, कारण उजेड छताला लागला होता.

दादा खाटेशी खाली बसला. सुभेदार, दोन्ही हात मांडीवर. "आई," म्हणाला, "मला दे ना." एवढंच. आईनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्या तोंडात घास घातला. त्याची मान खाली गेली ती किती वेळ वर आली नाही. मी तोवर स्वयंपाकघराच्या दाराआड रडत होते, त्यामुळं माझा घास हुकला. आमच्या घरात माझं नेहमी असंच होतं.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. माणसं न सांगता उठतात आणि जातात. रत्नाक्काही तशीच उठली, आईच्या केसांवरून हात फिरवला आणि काही न बोलता दाराकडं निघाली. लग्नाचं आमंत्रण तिनं दिलं नाही, द्यायचं नसतंच. उंबऱ्याशी ती पोचली तेव्हा आतून आईचा आवाज आला. रीत मोडून आई म्हणाली, "ये गं परत."

त्यावर रत्नाक्का वळली नाही. पण तिचे खांदे हलताना मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला गेलो नाही. आई एका दिवसात बरी झाली असं मात्र कुणी समजू नये. पुढं कित्येक दिवस ती एक-दोन घासांवर थांबायची. आजही खीर घरात होत नाही. कधी कधी दुपारी ती हात धूत राहते, पाणी वाहत राहतं आणि आमच्यापैकी कुणीतरी जाऊन नळ बंद करतं. अण्णांची जागा रिकामी आहे आणि ती तशीच राहणार आहे. जेवताना भाजी कशी झाली हे सांगणारं कुणी नाही, म्हणून आई आता मीठ पुन्हा पुन्हा चाखते.

त्या दिवशी रत्नाक्का कशी आली याचा मी पुष्कळ विचार केला. उसाची तोड, बंद फोन, विट्याचा रस्ता. सगळ्याला कारण आहे आणि प्रत्येक कारण खरं आहे. देवीनं पाठवली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण देवी जर कुणाला पाठवत असेल तर ती असंच कुणाला तरी पाठवत असेल, दुसऱ्याच कामाला निघालेल्या, काखेत स्वतःचा डबा असलेल्या माणसाला, असं मला आता वाटतं. मी नवस केला तेव्हा माझ्याजवळ यादी होती. काय हवं, कसं हवं, बदल्यात काय देणार. आणि डोणीच्या काठावर बसले तेव्हा काहीच नव्हतं. 'शरण जाणं' हा शब्द मी कीर्तनांत हजारदा ऐकलाय. मला वाटायचं, ते फार मोठ्या माणसांचं काम असणार, डोळे मिटून, शांतपणे करायचं. आईकडं बघून कळलं की तसं नाही. आपला हात आपल्याच नजरेतून उतरलेला असतो, रडून घसा कोरडा पडलेला असतो, आणि तरी समोरच्यानं धरलेल्या घासासाठी तोंड उघडायचं असतं. बस, तेवढंच.

परवा गावी गेले होते. आई आता दिवस मावळायच्या आत जेवते आणि सगळ्यांना जेवायला लावते. मला मुळीच भूक नव्हती. तिनं ताट वाढलं आणि समोर बसली. पहिला घास तिनंच मोडला, माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं. खाल्ला.